चौदाशे त्रेपन्न साली उजाडले म्हणे!

तुर्कांनी इ.स. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तिथले पंडित ग्रंथांची बोचकी घेऊन इटलीत पळाले, ग्रंथ उघडले गेले आणि हजार वर्षे अंधारात चाचपडणाऱ्या युरोपात एकदम लख्ख उजाडले. ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केली आहे. पाच गुणांचे उत्तर! मी इतिहास शिकवत होतो तेव्हा मुले ते घडाघडा म्हणून दाखवीत. आता नात्यातली मुले स्पर्धा परीक्षेसाठी पुन्हा तेच घोकताना दिसतात. उत्तराला एक शेपूटही असते. मध्ययुगात माणूस धर्माचा गुलाम होता, प्रबोधनाने त्याला मोकळे केले. मध्ययुगात चित्रकारांना धड चित्र काढता येत नव्हते, प्रबोधनात येऊ लागले.

माझे भांडण या उत्तराशी आहे. मायकेलअँजेलोशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर आमच्या घरातलेच काही लोक म्हणतील की म्हाताऱ्याला आता लिओनार्दोही आवडेनासा झाला.

आधी तारखाच बघा. मासाच्चो नावाच्या तरुण चित्रकाराने फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चच्या भिंतीवर यथार्थदर्शनाचे पहिले मोठे चित्र काढले ते १४२७ च्या सुमारास. १४२८ मध्ये, तिशीही न गाठता, तो वारला. आल्बेर्तीने चित्रकलेवरचा ग्रंथ लिहिला १४३५ मध्ये. ब्रुनेलेस्कीचा घुमट पुरा झाला १४३६ मध्ये. आणि ग्रीक शिकवायला पंडित यावा म्हणून फ्लॉरेन्सला कॉन्स्टँटिनोपल पडायची वाट बघावी लागली नव्हती. मानुएल क्रिसोलोरास तिथे १३९७ मध्येच रीतसर नेमणुकीवर येऊन शिकवू लागला होता, कुणाच्या भीतीने पळून नव्हे. म्हणजे आपल्या उत्तरातला सूर्य उगवायच्या आत फ्लॉरेन्समध्ये दुपार झालेली होती. १४५३ नंतरही काही पंडित आले, ग्रंथही आले, हे खरेच. पण शेतात पीक डोलू लागल्यावर जो पाऊस पडतो त्याला पेरणीचा पाऊस म्हणत नाहीत.

मग ही अंधाराची गोष्ट आली कुठून? ज्यांनी स्वतःला उजेड म्हणवून घेतले त्यांच्याकडूनच. चौदाव्या शतकात पेत्रार्क या कवीने रोमच्या वैभवानंतरचा काळ काळोखाचा ठरवला. १५५० मध्ये वासारीने इटालियन कलावंतांची चरित्रे लिहिली आणि कलेचा पुनर्जन्म झाला असे मांडले. वासारी स्वतः चित्रकार, मेदिची घराण्याच्या पदरी वाढलेला, आणि तस्कनीचा अभिमानी. त्यामुळे पुनर्जन्म कुठे झाला? अर्थात तस्कनीत! पुढे १८५५ मध्ये मिशले या फ्रेंच इतिहासकाराने आणि १८६० मध्ये बुर्कहार्ट या स्विस पंडिताने त्याचे मोठे देऊळ बांधले. बुर्कहार्टचे पुस्तक थोर आहे, यात वाद नाही. पण मूळ साक्ष कुणाची? नव्या दुकानदाराने जुन्या दुकानाच्या मालाबद्दल दिलेली. अशी साक्ष आपण बाजारात मानत नाही, इतिहासात मात्र पाच गुणांसाठी पाठ करतो.

आपल्या मराठीने त्यात आणखी भर घातली. इटलीतला शब्द ‘पुनर्जन्म’ असा होता. आपण त्याला ‘प्रबोधन’ म्हटले, म्हणजे जागे होणे. शब्द सुरेख आहे, १९२१ मध्ये केशव सीताराम ठाकरे यांनी आपल्या नियतकालिकाला तेच नाव दिले आणि ते त्यांना कायमचे चिकटले. पण ‘जागे झाले’ असे एकदा म्हटले की आधीचे सगळे झोपले होते हे न सांगताच ठरून जाते. कितीतरी पिढ्या झोपलेल्या!

या झोपलेल्यांनी काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण यादी करत बसलो तर लेख संपायचा नाही. विद्यापीठ ही वस्तू त्यांची. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड, पादुआ ही सारी तेव्हाची. पादुआचे साल १२२२. तोलेदोत बसून क्रेमोनाच्या जेरार्डने अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणले ते बाराव्या शतकात, आणि ॲरिस्टॉटल, टॉलेमी, इब्न सीना युरोपच्या वर्गात पोचले. यांत्रिक घड्याळ त्यांचे. आता हे लिहिताना माझ्या नाकावर जो चष्मा आहे तोसुद्धा त्यांचाच, तेराव्या शतकाच्या अखेरीला इटलीत निघालेला. पृथ्वी सपाट आहे असे मध्ययुगातले विद्वान मानत होते, ही तर शुद्ध थाप आहे. विद्यापीठात लागलेले पाठ्यपुस्तकच गोलाबद्दलचे होते, आणि दान्तेच्या महाकाव्यातली पृथ्वीही गोलच आहे.

एक गंमत मात्र सविस्तर सांगायलाच हवी. इटालियन मानवतावाद्यांना मध्ययुगाची ती काटेरी, दाटीवाटीची गॉथिक लिपी आवडेना. त्यांनी मठांतल्या जुन्या पोथ्या धुंडाळल्या, त्यांत त्यांना गोल, मोकळी, वाचायला सुबक अक्षरे सापडली. हीच आपल्या रोमन पूर्वजांची लिपी, असे समजून त्यांनी ती गिरवली. पुढे छापखाने आले तेव्हा तिचेच खिळे पाडले गेले आणि आज जगातली बहुतेक इंग्रजी पुस्तके ज्या टाइपात छापतात तो ‘रोमन’ टाइप तयार झाला. पण ती अक्षरे रोमनांची नव्हतीच! ती होती शार्लमेनच्या राज्यातल्या भिक्षूंनी आठव्या-नवव्या शतकात घडवलेली. म्हणजे ऐन ‘अंधारा’तली. इतकेच काय, ज्या लॅटिन ग्रंथांच्या पुनर्शोधाचे आपण कौतुक करतो ते सापडले कुठे? मठांच्या कपाटांत. १४१७ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनीला लुक्रेशियसचे काव्य मिळाले तेही मठातच. देव माणसाच्या भानगडीत पडत नाहीत, असे सांगणाऱ्या त्या नास्तिक काव्याच्या प्रती कुण्या भिक्षूंनी थंडीत बोटे गारठवत करून ठेवल्या म्हणून ते वाचले. शोधणाऱ्याचे नाव पुस्तकात आहे. नकलणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नाही.

आता चित्रांकडे वळू, कारण खरा मुद्दा तिथेच आहे.

माझा एक पुतण्या युरोपची सहल करून आला. फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयाबद्दल विचारले तर म्हणाला, “काका, सुरुवातीची दालने आम्ही पळतच पार केली. सगळीकडे सोनेरी पाट्या आणि रडक्या मेऱ्या. थेट बोत्तिचेल्लीपाशी थांबलो.” तो हुशार आहे, इंजिनिअर आहे. दोष त्याचा नाही, त्या पाच गुणांच्या उत्तराचा आहे. कारण त्या पळत पार केलेल्या दालनांतच सगळी गोष्ट उलगडून ठेवली आहे. तिथे तीन प्रचंड चित्रे आहेत. तिन्हींचा विषय एकच, सिंहासनावर बसलेली मेरी, मांडीवर बाळ, भोवती देवदूत. एक चिमाबुएचे, दुसरे दुच्चोचे, तिसरे जॉत्तोचे. दुच्चोच्या चित्राचा करार १२८५ चा आहे, चित्र साडेचार मीटर उंच. जॉत्तोचे चित्र १३१० च्या आसपासचे. सगळे मिळून जेमतेम तीस वर्षांचा पसारा.

तिन्ही चित्रांत पार्श्वभूमी सोन्याची आहे. आकाश नाही, झाड नाही, डोंगर नाही. “त्यांना निसर्ग काढता येत नव्हता” असे म्हणणाऱ्याला मी विचारीन, हे चित्र टांगले कुठे होते? दुच्चोला काम दिले होते ते एका भजनी मंडळाने. खरोखरच भजनी मंडळ होते ते. संध्याकाळी चर्चमध्ये जमून मेरीची पदे गाणाऱ्या गृहस्थांचे. अंधारे उंच चर्च, मेणबत्त्यांचा हलता उजेड, आणि त्यात ते सोने. सोने उजेड परतवते, ज्योत हलली की चित्र हलते. मेरीच्या मागे तस्कनीतले एखादे टेकाड रंगवले असते तर ती तस्कनीतली एक बाई झाली असती. ती तशी व्हायला नको होती. ती एखाद्या गावातली नव्हे, सगळीकडची आणि सदासर्वकाळची हवी होती. सोने म्हणजे ‘स्थळ’ नाही, ‘काळ’ नाही. हे न जमल्याची खूण नाही, ठरवून केलेली निवड आहे. ज्याला साडेचार मीटरच्या फळीवर सोन्याचा इतका पातळ वर्ख सांधा न दिसता चढवता येतो, त्याला टेकडीची एक वळणदार रेघ ओढता आली नसती असे वाटते का तुम्हाला?

आणि आता जॉत्तोची मेरी बघा. सोने तेच, पण बाई जड झाली. तिच्या गुडघ्यांवर कापड ताणलेले दिसते, बाळाचे ओझे तिच्या मांडीवर पडलेले कळते. चिमाबुएचे देवदूत सिंहासनाच्या बाजूने एकावर एक रचल्यासारखे आहेत. जॉत्तोचे जमिनीवर उभे आहेत, पुढच्याच्या मागे मागचा निम्मा झाकलेला. बदल इथे झाला. १३१० मध्ये! कॉन्स्टँटिनोपल पडायला अजून दीडशे वर्षांना थोडीच कमी. ना छापखाना, ना अमेरिका, ना मेदिचींची पेढी (ती निघाली १३९७ मध्ये). हा बदल मध्ययुगाच्या पोटातून, त्याच चर्चमध्ये, त्याच मेरीच्या पायाशी झाला.

त्याच्याही मागे जाता येते. पिसा गावात निकोला पिसानोने संगमरवरी व्यासपीठ कोरले १२६० मध्ये. त्यावरच्या आकृत्या त्याने गावातल्याच जुन्या रोमन शवपेट्या पाहून घडवल्या. एका कोपऱ्यात चक्क नग्न, पिळदार हर्क्युलिस उभा आहे, ‘धैर्य’ या ख्रिस्ती सद्गुणाचे काम करायला लावलेला. वर शिल्पकाराचे नाव आणि साल कोरलेले. मध्ययुगात प्राचीनांचा अभ्यास नव्हता, नग्न देह नव्हता, कलावंताला नाव नव्हते. पाठ केलेली तिन्ही वाक्ये एकाच दगडावर आपटून फुटतात.

फ्लॉरेन्सच्या घुमटाचेही तसेच. तो प्रबोधनाचा झेंडा म्हणून प्रत्येक पुस्तकात छापलेला असतो, आणि ब्रुनेलेस्कीचे काम अचाट आहे हे कोण नाकारील? सुमारे पंचेचाळीस मीटरचे भगदाड, त्यावर खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता, आडव्या-उभ्या विटांच्या गुंफणीने चढत नेलेला दुहेरी घुमट. १४२० मध्ये सुरुवात, १४३६ मध्ये पूर्ण. पण घुमट कशावर बसला आहे? १२९६ मध्ये पाया घातलेल्या चर्चवर. आणि एवढा मोठा घुमट बांधायचा, तोही बाहेरून कमानीचे टेकू न लावता, हे ठरले १३६७ मध्ये. तेव्हा तो कसा बांधायचा हे कुणालाही माहीत नव्हते! तरी त्यांनी भिंती उभ्या केल्या, भगदाड उघडे ठेवले आणि पन्नास वर्षे काम पुढे नेत राहिले, की आपल्या नातवंडांत कुणीतरी निघेलच. मला तर त्या विटांइतकाच हा भरवसा मोठा वाटतो. ज्यांना आपण झोपलेले म्हणतो त्यांचा हा भरवसा.

“मग सर, तुमच्या मते फरक काहीच नाही?” असे विचारणारा एक विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. फरक आहे. पुष्कळ आहे. पण तो ‘जमत नव्हते, जमू लागले’ असा नाही.

मासाच्चोच्या त्या १४२७ च्या चित्रासमोर उभे राहा. क्रूसावर येशू, मागे देवपिता, वर कमानदार छत असे रंगवलेले की भिंत फोडून खोली केल्याचा भास व्हावा. पण ती खोली नीट दिसायची तर तुम्हाला एका ठराविक जागी, ठराविक उंचीवर डोळे ठेवून उभे राहावे लागते. हा फरक. दुच्चोची मेरी तुम्ही कुठूनही बघा, ती तुमच्याकडे बघते. मासाच्चोचे चित्र तुमच्या डोळ्यापासून मोजलेले आहे. जगाचा मध्य बघणाऱ्याच्या डोळ्यात आला. आणि त्या चित्रात खाली दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेले नवरा-बायको आहेत, पैसे देणारे. ते मेरीइतकेच मोठे आहेत. जुन्या बहुतेक चित्रांत दाता पायाशी बाहुलीएवढा असे. इथे तो देवाच्या कुटुंबाच्या मापाचा झाला. (पादुआच्या चॅपेलमध्ये जॉत्तोने एनरिको स्क्रोवेन्यी या सावकाराला १३०५ च्या सुमारासच जवळजवळ त्या मापाचा काढला होता, म्हणजे इथेही जॉत्तो आधी पोचला. एनरिकोचा बाप व्याजखोर म्हणून इतका बदनाम की दान्तेने त्याला नरकात बसवले.)

पैसेवाल्याचे माप वाढले. त्याबरोबर चित्रकाराचेही वाढले, पण हळूहळू. फ्लॉरेन्सचे चित्रकार वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघात मोडत, कारण रंग त्यांच्याच दुकानातून घ्यावे लागत. १४८५ मध्ये गिर्लांदायोने ‘इन्नोचेंती’ या अनाथ बालकांच्या रुग्णालयाशी केलेला करार उपलब्ध आहे. एकशे पंधरा फ्लोरिन मोबदला, आणि निळा रंग औंसाला चार फ्लोरिनच्या किमतीचा असला पाहिजे अशी अट. हा निळा बदखशानच्या खाणीतल्या लाजवर्दी खड्याची पूड. लिओनार्दो त्या वेळी तिशी ओलांडून गेला होता, आणि चित्राचा सौदा अजून किराण्यासारखा चाललेला! मात्र पुढच्या पन्नास-साठ वर्षांत हे पालटले. गिऱ्हाईक रंगाचा भाव विचारायचे सोडून कुणाचा हात आहे ते विचारू लागले, आणि मायकेलअँजेलोला लोक हयातीतच ‘दिव्य’ म्हणू लागले. हा फार मोठा बदल आहे आणि तो निःसंशय प्रबोधनाचा.

पण ते गिर्लांदायोचे चित्र ज्या रुग्णालयासाठी होते तिथे जरा थांबू. ‘माणूस मोकळा झाला’ या वाक्याची परीक्षा तिथेच होते. इमारत ब्रुनेलेस्कीची, १४१९ मध्ये सुरू केलेली. तिची कमानींची ओसरी प्रबोधनाच्या वास्तुकलेचा पहिला धडा म्हणून शिकवतात. १४४५ मध्ये दार उघडले. त्या दारी सोडलेल्या पोरांत घरकाम करणाऱ्या मोलकरणींची आणि गुलाम बायकांची मुले पुष्कळ होती. बाप बहुधा घरमालक. गुलाम? हो, गुलाम. काळी साथ १३४८ मध्ये आली, शहरातली निम्म्याहून अधिक माणसे मेली, कामाला हात मिळेनात. तेव्हा १३६३ मध्ये फ्लॉरेन्सच्या शासनाने ख्रिस्ती नसलेल्या मुलखातून गुलाम आणायला कायद्याने परवानगी दिली. आल्या त्या बहुतेक काळ्या समुद्राकडच्या मुली, तार्तार, चेर्केस. प्रबोधनाचा महान आश्रयदाता कोसिमो दे मेदिची याला अशाच एका चेर्केस दासीपासून मुलगा झाला होता. गिर्लांदायोने चित्राच्या पुढच्या भागात दोन लहान मुले गुडघ्यावर बसलेली काढली आहेत, अंगावर पारदर्शक पांढरी वस्त्रे आणि जखमा. हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बालकांचे ते प्रतीक. मला तरी त्या जागी ते चित्र बघताना हेरोदाची आठवण आधी होणार नाही.

आता मजुरांचे. १३७८ मध्ये फ्लॉरेन्सचे लोकर पिंजणारे, धुणारे, विंचरणारे गरीब कामगार, ज्यांना चोम्पी म्हणत, रस्त्यावर उतरले. मिकेले दि लांदो नावाचा लोकर विंचरणारा शहराच्या सर्वोच्च पदावर बसला. कामगारांना स्वतःचे संघ मिळाले, म्हणजे राज्यकारभारात आवाज मिळाला. त्यांचा स्वतःचा संघ काही आठवड्यांतच बुडाला आणि १३८२ पर्यंत उरलेसुरलेही श्रीमंतांनी काढून घेतले. लक्षात घ्या, मिळाले ते ‘मध्ययुगात’, आणि ज्या काळाला आपण मुक्तीचे युग म्हणतो त्या सबंध पंधराव्या शतकात ते परत आले नाही. शहर त्या शतकात देखणे झाले, हे खरे.

बायकांचे तर विचारूच नका. १४२५ मध्ये फ्लॉरेन्सने सरकारी हुंडा-निधी काढला! बापाने मुलगी लहान असताना पैसे गुंतवायचे, लग्नाच्या वेळी वाढीव रक्कम मिळायची. ब्रुनेलेस्की घुमट चढवत होता, मासाच्चो रंग कालवत होता, तेव्हाच. हुंडे फुगत गेले, आणि ज्यांच्या वाट्याला तो येईना अशा कितीतरी मुली मठात. बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड या मठप्रमुख बाईने पोप आणि सम्राटांना खडसावणारी पत्रे लिहिली होती. १९७७ मध्ये जोन केली या अमेरिकन अभ्यासक बाईंनी लेख लिहिला, बायकांचे प्रबोधन झाले का, असा प्रश्न विचारणारा. उत्तर त्यांनी नकारार्थी दिले. मला ते पटते. काही थोड्या चित्रकार बायका त्या काळात झाल्या, सोफोनिस्बा आंग्विसोला त्यांतली नावाजलेली. पण राजघराण्यात पोचलेल्या एका सोफोनिस्बामुळे शहरातल्या पोरीबाळींचे भाग्य पालटले असे कसे म्हणावे?

आणि चेटकिणी? चेटकिणींना जाळणे हे ‘मध्ययुगीन’ क्रौर्य, असे वर्तमानपत्रांत सर्रास लिहितात. दहाव्या शतकातला चर्चचा नियम सांगत होता की बायका रात्री उडत जातात हा भ्रम आहे आणि तो खरा मानणे हेच पाप. चेटकीण शोधायचे ते कुप्रसिद्ध लॅटिन पुस्तक छापले गेले १४८६-८७ मध्ये; बोत्तिचेल्लीच्या व्हीनसचा आणि त्याचा काळ एकच. आणि खरा कहर झाला साधारण १५६० ते १६३० दरम्यान. एकूण बळी चाळीस ते साठ हजार असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे, बहुतेक बायका. छापखान्याने होमर जसा घरोघर नेला तसे हेही नेले.

व्हेनिसने ज्यूंना एका वेढलेल्या वस्तीत रात्री कोंडायला सुरुवात केली १५१६ मध्ये. ‘घेटो’ हा शब्दच तिथला. रोमने निषिद्ध पुस्तकांची यादी काढली १५५९ मध्ये. आपल्या शेजारी गोव्यात इन्क्विझिशन बसले १५६० मध्ये, म्हणजे मायकेलअँजेलो जिवंत असताना. ते न्यायपीठ मध्ये काही काळ बंद होते ते सोडले तर १८१२ पर्यंत टिकले. पोर्तुगीज सोळाव्या शतकात कोकण किनाऱ्यावर जे काही करत होते ते प्रबोधनाच्या युरोपचेच एक अंग होते, हे आपण तरी विसरता कामा नये. चित्रकारांच्या मोकळेपणाचेही तेच. मध्ययुगीन पोथ्यांच्या समासात गोगलगायींशी लढणारे सरदार आणि पूजा सांगणारी माकडे रंगवली आहेत, प्रार्थनेच्या पुस्तकात! आणि १५७३ मध्ये व्हेरोनेसेला व्हेनिसच्या धर्मन्यायासनापुढे उभे करून विचारले, येशूच्या अखेरच्या जेवणाच्या चित्रात हे बुटके, विदूषक आणि जर्मन शिपाई कशाला? त्याने चित्राचे नावच बदलून सुटका करून घेतली.

याचा अर्थ मध्ययुग म्हणजे रामराज्य होते असा कुणी काढू नये. १०९९ मध्ये जेरुसलेममध्ये झालेली कत्तल, १२०९ पासून दक्षिण फ्रान्समधल्या पाखंड्यांवर चाललेले धर्मयुद्ध, १२९० मध्ये इंग्लंडने ज्यूंना केलेली हद्दपारी, हे सगळे त्याच काळातले. मुद्दा एवढाच की अंधार आणि उजेड दोन्ही युगांत होते, आणि एकाच गल्लीत होते. देखणे चित्र काढणारा काळ न्यायी असतोच असे नाही, हे मुलांना सांगायला आपण का कचरतो?

तुम्ही म्हणाल, सातासमुद्रापलीकडच्या जुन्या गोष्टींवर एवढा त्रागा कशाला? कारण ही मोजपट्टी आपल्या पाठीवर पडली आहे. यथार्थदर्शन म्हणजे चित्रकला, ते नाही तर बाल्यावस्था, ही समजूत इंग्रजांबरोबर इथे आली. मुंबईत १८५७ मध्ये कलाशाळा निघाली, तिथे ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून पोरांना रेखाटने शिकवली. जॉर्ज बर्डवुड हे गृहस्थ बेळगावात १८३२ मध्ये जन्मलेले, मुंबईच्या आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा हात, आपल्या कारागिरीचे, विणकामाचे, भांड्यांचे मोठे चाहते. पण कारागिरी वेगळी आणि ‘ललित कला’ वेगळी, ती हिंदुस्थानात नाहीच, हे त्यांचे मत. १९१० मध्ये लंडनच्या सभेत जावामधल्या एका ध्यानस्थ बुद्धाचे छायाचित्र समोर होते, तेव्हा त्यांनी त्या मूर्तीला उकडलेल्या चरबीच्या पुडिंगची उपमा दिली. त्यावर लंडनमध्येच तेरा जणांनी सह्या करून वर्तमानपत्रात निषेधाचे पत्र दिले. बर्डवुड दुष्ट नव्हते. दुच्चोला ‘अजून जमत नाही’ म्हणणारी तीच पट्टी त्यांच्या हातात होती आणि त्यांनी ती बुद्धाला लावली, इतकेच.

याच मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स मात्र निराळे. १८७२ पासून बारा-तेरा वर्षे ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला उतरवत राहिले. (त्यांतल्या बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या.) सोळाव्या लेण्यात ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून ओळखले जाणारे चित्र आहे, पाचव्या शतकातले. ग्रिफिथ्सनी त्याची तोंडभरून स्तुती केली आहे. फ्लॉरेन्सचा चित्रकार याहून चांगली रेषा काढता, व्हेनिसचा याहून चांगला रंग भरता, पण यापेक्षा अधिक भाव त्या दोघांनाही आणता आला नसता, अशा अर्थाची. आपल्या पुस्तकांत ही स्तुती आजही मोठ्या अभिमानाने उद्धृत करतात. चित्र अजिंठ्याचे, डोंगर सह्याद्रीचा, नकला उतरवणारी पोरे इथलीच, आणि तिथेही मापाला फ्लॉरेन्स आणि व्हेनिसच.